कोऱ्या सीडीवर आबांची भजने

गेल्या चवथीला आबांनी म्हटलेल्या आरत्या आणि भजने वर्षभर माझ्या मोबाइलमध्येच पडून होती. मडगावच्या आत्येचा जुना प्लेअर सीडीखेरीज दुसरे काही जाणत नाही. त्यामुळे आज ती तो प्लेअरच घेऊन फोंड्याला आमच्याकडे आली, आणि मी संगणकासमोर बसलो.

पहिली सीडी माझ्याच घाईने वाया गेली. ७०० एमबी जागा पाहून मी सगळ्या एमपीथ्री फायली जशाच्या तशा उतरवल्या, पण तसल्या प्लेअरला ‘डेटा’ सीडी वाचता येत नाही. त्याला ‘ऑडिओ’ सीडीच लागते, आणि तिच्यात गाणी न आकसता मूळ रूपात साठवली जात असल्याने जेमतेम ८० मिनिटे मावतात. एमपीथ्रीच्या रूपात त्याच जागेत दहा-बारा तास बसले असते! म्हणून कोणते भजन ठेवावे आणि कोणते गाळावे, यावर आत्येशी तासभर वाद झाला.

दुसरी सीडी अर्ध्यावर असताना पावसाने वीज गेली. सीडी-आरमधील रंगाच्या थरावर लेझरने एकदा उमटलेली खूण पुसता येत नाही, तेव्हा तीही गेली. (इन्व्हर्टर घ्यायचे आम्ही दर पावसाळ्यात ठरवतो.)

तिसऱ्या खेपेस वेग कमी ठेवला आणि शेवटी सीडी ‘फायनलाइज’ केली, म्हणजे पुढे काही भर घालता येणार नाही अशी बंद केली, कारण त्यावाचून जुने प्लेअर ती सहसा वाचत नाहीत. पहिल्याच भजनाआधी आबांचे खाकरणे ऐकू आले. ते कापू का, असे मी विचारले, तर आत्ये म्हणाली, “हात लावू नकोस.”