शाळेतला प्रोजेक्टर: जागा, जाळी आणि जाणारी वीज

प्रोजेक्टर नवा आला की बहुतेक ठिकाणी आधी मेनू उघडला जातो. त्याआधी मोजपट्टी घ्या. चित्र सरळ आणि स्वच्छ दिसणार की नाही, हे निम्म्याहून जास्त यंत्र कुठे ठेवलंय त्यावर ठरतं.

इथे नजरेसमोर आहे तो खेड्यातल्या शाळेत सर्रास दिसणारा प्रोजेक्टर: तीन एलसीडी पॅनलचा (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाला एकेक), १२८० बाय ८०० रिझोल्यूशनचा, ३३०० ल्युमेनच्या (यंत्रातून निघणाऱ्या उजेडाचं माप) आसपासचा, आत पाऱ्याचा दिवा असलेला. वर्ग साधारण २० बाय २५ फुटांचा, डोक्यावर स्लॅब किंवा पत्रा, आणि वीज बेभरवशाची.

माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. पडदा आणि भिंग यांच्यातलं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. समजा तो १.५ ते १.८ आहे आणि चित्र ७ फूट रुंद हवंय, तर भिंग पडद्यापासून साडेदहा ते साडेबारा फुटांच्या दरम्यान यायला हवं. या पट्ट्याच्या मधोमध जागा धरा, म्हणजे झूमला दोन्हीकडे वाव राहतो. ७ फूट रुंद चित्राची उंची जवळपास ४ फूट ४ इंच होते. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब नको, असा ठोकताळा आहे. तो इथे २६ फुटांवर येतो, म्हणजे आपला वर्ग बसतो. मुलं सतरंजीवर बसत असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून किमान ३ फूट वर घ्या, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

यानंतर हमखास होणारी चूक: प्रोजेक्टर खाली टेबलावर ठेवायचा, पुढचा पाय उचलायचा, आणि चित्र वर रुंद, खाली अरुंद झालं की कीस्टोनचं, म्हणजे तिरपं झालेलं चित्र चौकोनी करण्याचं, बटण दाबत बसायचं. कीस्टोन भिंगाला हात लावत नाही. ते पॅनलवरचंच चित्र आकसून घेतं, काही पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं, नकाशातल्या रेषा धूसर होतात. मराठीत तर अनुस्वार आणि रफार आधी जातात. ते वाचवायचे असतील तर कीस्टोन शून्यावर ठेवा आणि यंत्रच हलवा. बऱ्याच भिंगांची रचना अशी असते की यंत्र टेबलावर सपाट असताना चित्र भिंगाच्या पातळीपासून वरच्या बाजूला पडतं. उलटं टांगलं की तेच चित्र भिंगाच्या खाली येतं, म्हणून टांगताना मेनूत ‘सीलिंग’ निवडायचं आणि यंत्र पडद्याच्या वरच्या कडेजवळच्या उंचीवर आणायचं. क्रम असा: यंत्र सपाट, भिंग पडद्याच्या मध्यरेषेवर, मग झूम, आणि फोकस सर्वांत शेवटी, यंत्र २० मिनिटं तापल्यावर. गार भिंगावर केलेला फोकस तापल्यावर थोडा सरकतो.

स्लॅबला टांगायचं तर ८ मिलिमीटरचे अँकर फास्टनर पुरतात. पत्र्याच्या खोलीत कैचीच्या पाइपाला क्लॅम्प लावा, पण ज्या पाइपाला पंखा लटकतोय तो टाळा. पंखा सुरू झाला की चित्र थरथरतं. शिवाय यंत्र पत्र्याला चिकटवून लावू नका. बहुतेक यंत्रं खोलीचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच सोसतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पत्र्याखालच्या फूटभर जागेत त्याहून कितीतरी जास्त तापतं. तीनेक फुटांचा पाइप देऊन यंत्र खाली आणा, हवेच्या झडपांभोवती फूटभर मोकळी जागा सोडा आणि मुख्य पकडीशिवाय एक सुरक्षेची तार बांधा. खाली मुलं बसणार आहेत.

उजेडाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३३०० ल्युमेन ७ फुटी चित्रावर पसरले की पडद्यावर साधारण ११५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) पडतात. ट्यूबलाइट आणि खिडकीचा मिळून पडद्यावर २५० लक्स उजेड असेल, तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण साडेपाचास एक एवढंच राहतं. पडद्यासमोरची एक ट्यूब बंद केली, लगतच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि तो उजेड ४० लक्सवर आणला, तर तेच प्रमाण तिसास एक होतं. जास्त ल्युमेनचं यंत्र घ्यायच्या आधी हे करा. संपूर्ण अंधाराची गरज नाही. मुलांना वहीत लिहिता आलं पाहिजे. पडदा नसेल तर भिंतीला पांढरा मॅट प्लास्टिक पेंट उत्तम. चकचकीत व्हाइटबोर्डवर दिव्याचा लखलखीत डाग उमटतो, तो डोळ्यांना त्रास देतो.

आता वीज. आधी वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्यात गळतीचा करंट एचडीएमआयच्या वायरीतून वाहतो आणि पोर्ट जळतो. वायर हाताला झिणझिणत असेल तर ती सूचनाच आहे. एचडीएमआय लावताना-काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. साधी वायर १० मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे चित्र अधूनमधून जाऊ लागतं. लॅपटॉप जोडला आणि पडदा निळाच राहिला, तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

दिव्याच्या प्रोजेक्टरला सगळ्यांत घातक असतं ते अचानक वीज जाणं. आत बोटाच्या पेराएवढी क्वार्ट्झची नळी असते. तिच्यात पाऱ्याची वाफ २०० वातावरणांच्या आसपास दाबाखाली तळपते. वीज गेली की दिवा विझतो आणि त्याच क्षणी यंत्राला गार करणारा आतला पंखाही थांबतो; मग ती सगळी धग आतल्याआत शेजारच्या भागांत शिरते. वीज परत आल्यावर पॉवरचं बटण पुन्हापुन्हा दाबू नका. नळी गरम असताना वाफेचा दाब इतका असतो की ठिणगी पडतच नाही, आणि प्रत्येक प्रयत्नाला इलेक्ट्रोड झिजतो. दहा मिनिटं थांबा. यंत्र ३०० वॉट घेत असेल तर १००० व्हीएचा यूपीएस घ्या. त्याचं काम तास पुढे चालवण्याचं नाही, पाच मिनिटांत प्रोजेक्टर रीतसर बंद करून पंख्याला त्याचं काम पूर्ण करू देण्याचं आहे. स्क्वेअर वेव्हचा (ओबडधोबड लहरीची वीज देणारा) घरगुती इन्व्हर्टर याला जोडू नका.

रोज बंद करताना पॉवरचं बटण दोनदा दाबायचं, पंख्याचा आवाज थांबेपर्यंत उभं राहायचं, मग बोर्डावरचा स्विच. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मेन स्विच पाडणं बंद झालं पाहिजे.

आणि धूळ. खडूची भुकटी इतकी बारीक असते की फिल्टरच्या स्पंजात ती पिठासारखी बसते. बाजूचं झाकण सरकवून जाळी बाहेर काढा: मूळची काळी किंवा करडी जाळी पांढरट दिसत असेल, आणि उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत नसेल, तर हवा जात नाहीये. आधी पंख्याचा आवाज वाढतो, मग टेम्परेचरचा दिवा लुकलुकतो, मग यंत्र मध्येच बंद पडतं. एवढ्यावरही दुर्लक्ष केलं तर पडद्यावर पिवळसर पट्टे येतात. निळ्या प्रकाशाच्या वाटेतला पोलरायझर (प्रकाश गाळणारी पातळ पट्टी) उष्णतेने आधी जळतो. निळा कमी झाला की पांढऱ्याचा पिवळा होतो. हे मेनूतून दुरुस्त होत नाही, आणि बदलायचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीला भिडतो.

खडू वापरणाऱ्या वर्गात जाळी महिन्यातून एकदा काढा. मऊ ब्रशने झटका, किंवा व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर फिरवा. माहितीपुस्तिकेत सांगितलं नसेल तर पाण्याने धुऊ नका. गॅरेजमधला कॉम्प्रेसर तर आणूच नका. तो धूळ थेट पॅनलपर्यंत ढकलतो. भिंगावर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मायक्रोफायबर. भिंगावरची थोडी धूळ पडद्यावर दिसत नसते. पडद्यावर लाल, हिरवा किंवा निळा पुसट डाग दिसतोय? फोकसची कडी फिरवून पाहा. चित्र धूसर होताना डाग रेखीव झाला, तर धूळ आत पॅनलजवळ आहे आणि काम कारागिराचं आहे.

दिव्याचं आयुष्य कंपन्या सहसा उजेड निम्म्यावर येईपर्यंत मोजतात, साध्या मोडमध्ये ४ ते ५ हजार तास. वर्गात इको मोडच, म्हणजे दिवा थोडा मंद ठेवणारा, लावा. बदलताना प्लग काढून तासभर गार होऊ द्या, दोन-तीन स्क्रू सैल करा, मूठ धरून दिवा सरळ बाहेर ओढा. काचेला बोट लागू देऊ नका. त्वचेचं तेल तापून तिथे काच कमकुवत होते. झाकण नीट बसलं नाही तर यंत्र सुरूच होणार नाही, आतला सुरक्षा स्विच अडवतो. नंतर मेनूत दिव्याचे तास शून्य करा आणि बदलल्याची तारीख डेडस्टॉक रजिस्टरात (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) यंत्राच्या नोंदीशेजारी लिहा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, यंत्र कपाटात महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं की भिंगावर बुरशीची जाळी धरते. आठवड्यातून अर्धा तास चालवा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि झडपांमधून पाल किंवा मुंग्या आत गेल्या नाहीत ना, हे जूनमध्ये पहिल्यांदा सुरू करण्याआधी टॉर्च मारून बघा.

जुना दिवा नव्याच्याच खोक्यात परत घाला आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्यात पारा आहे, शाळेमागच्या खड्ड्यात तो टाकायचा नाही. आणि दिवा आतच फुटला, मोठा आवाज आला, तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, प्लग काढा आणि वर्ग बराच वेळ हवेशीर राहू द्या. काचा काढण्याचं काम त्यानंतर.