ह्युगोच्या आदल्या दिवशीचा किल्ट

ग्लासगोमध्ये किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, भाड्याने देणाऱ्या दुकानात मी काम करते, पुढे मापं घेणं आणि मागे दुरुस्ती, दोन्ही माझ्याकडेच. उन्हाळ्यातला शनिवार म्हणजे आमच्याकडे लग्नांचा धुमाकूळ, नवरदेव, त्याचे मित्र, आणि पोट आत ओढून "माप तेच आहे हो माझं" म्हणणारे सासरे. पण 10 ऑगस्ट 2024चा शनिवार वेगळा होता. क्लाइड नदीकाठच्या एसईसी या मोठ्या संमेलन केंद्रात वर्ल्डकॉन भरलं होतं, 8 ते 12 ऑगस्ट. सायन्स फिक्शनवाल्यांचं जागतिक साहित्य संमेलनच म्हणा, फक्त अध्यक्षपदावरून भांडणं नाहीत (भांडतात म्हणे, पण दुसऱ्या गोष्टींवरून). पहिलं न्यूयॉर्कला 1939 साली झालं, आणि ग्लासगोत 1995, 2005 आणि आता हे, अशी तीन वेळा. रविवारी संध्याकाळी ह्युगो या सायन्स फिक्शनच्या मानाच्या पुरस्कारांचा कार्यक्रम, आणि स्कॉटलंडला आलोय तर किल्टच घालणार असं ठरवून बसलेले लेखक सकाळपासून रांगेत.

यांचा आणि किल्टचा संबंध जुनाच आहे असं मला त्या दिवशी कळलं. अमेरिकेतल्या संमेलनांतही ही मंडळी किल्ट घालून फिरतात, एक जण तर सिअ‍ॅटलकडचा कॅनव्हासचा किल्ट घालूनच आला होता, बाजूला मोठे खिसे, त्यात पुस्तकं आणि चार्जर. तरी त्याला वर लोकरीचा खरा हवा होता, म्हटलं घ्या. बहुतेकांचा प्रश्न एकच, "आमचं कुठलंच क्लॅन (स्कॉटिश घराणं) नाही, मग कुठलं टार्टन (किल्टचा रंगीत चौकडा) चालेल?" मी सांगायचे, कुठलंही, पोलीस येत नाहीत.

दुपारी एक साठीचे अमेरिकन गृहस्थ आले, हातात पिशवी, चेहरा पडलेला. ह्युगोच्या यादीत नाव होतं त्यांचं. पिशवीतून किल्ट काढला आणि मी बघतच राहिले. गडद निळं कापड, त्यात दोन नारिंगी पट्टे आणि एक बारीक पांढरी रेघ. त्यांच्या कादंबरीतल्या ग्रहाचं टार्टन. त्या ग्रहाला दोन सूर्य आहेत म्हणून दोन नारिंगी.

मी इचलकरंजीची, बाबांचे माग होते, त्यामुळे कापड दिसलं की भिंग लावून धागे बघायची खोड. टार्टनमध्ये ताण्याला जो रंगांचा क्रम असतो तोच बाण्याला, म्हणून तो चौकडा उठतो आणि दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे तिरप्या विणीत, म्हणजे ट्विलमध्ये, तिसरा रंग दिसायला लागतो. इथे निळ्या-नारिंगीच्या जागी चक्क गंजासारखा रंग आला होता. सांगितलं तर ते एकदम खूश, म्हणाले कादंबरीत त्या ग्रहावर धूळ त्याच रंगाची आहे, हे तर मी ठरवलंच नव्हतं.

कापड झक्कास, शिवण हाताची, मागच्या निऱ्यांमध्ये चौकडा तुटला नव्हता, आठ वार कापड नीट बसवलेलं. घोळ मापात होता. ऑनलाइन ऑर्डर देताना त्यांनी जीन्सच्या कंबरेचं माप पाठवलं होतं. जीन्स पोटाखाली बसते आणि किल्ट बेंबीजवळ, तिथे त्यांचा घेर बराच जास्त. मग बकल लागेना म्हणून किल्ट खाली ओढला, आणि खाली ओढला की तो गुडघ्याच्या मध्यावर यायच्या ऐवजी पोटरीवर. "खालून थोडा दुमडा ना," ते म्हणाले. दुमडत नाहीत किल्ट. खाली कापडाची मूळ किनारच असते, ती दुमडली की निऱ्यांचा सगळा झोक जातो.

उपाय एकच होता, पोटाला वाढवून दिलं की तो वर जाईल आणि लांबी आपोआप बरोबर होईल. उजवीकडचे दोन पट्टे आणि डावीकडचा एक, जो आतल्या पदरावरून येऊन कापडातल्या फटीतून बाहेर निघतो, असे तिन्ही उसवले, लांब चामड्याचे लावले, बकलं पुढे सरकवली. पुढचे दोन पदर एकमेकांवर थोडे कमी येतात मग, पण जोराचा वारा सोडला तर चालून जातं. आतल्या कॅनव्हासमधून सुई काढताना बोटाची वाट लागली ती लागलीच.

मी शिवत असताना हे समोर स्टुलावर बसून गप्पा मारत होते. म्हणाले, अपोलो 12मधला अ‍ॅलन बीन 1969 साली मॅकबीन टार्टनचा तुकडा चंद्रावर घेऊन गेला होता, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे खूळ आहे. मग मी पण माझं ज्ञान पाजळलं. आज ज्याला पुरातन म्हणून मिरवतात तो छोटा किल्ट 1720च्या दशकातला, तोही एका इंग्रज कारखानदाराच्या नावावर सांगतात. 1746च्या कायद्याने बंदी, 1782ला उठली, आणि 1822ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन घालायला लावून जो तमाशा उभा केला तिथून ही फॅशन फोफावली. हे घराणं तर हे टार्टन, यातलं बरंचसं त्यानंतर बसून रचलेलं. म्हणजे तुमच्या ग्रहाचं टार्टन काही कमी खरं नाही, म्हटलं, 70 पौंड भरा आणि टार्टनच्या सरकारी नोंदवहीत अर्ज करा, 2009पासून सोय आहे. ते वहीत लिहून घेत होते.

"तुमच्या भाषेत लिहितात का सायन्स फिक्शन?" त्यांनी विचारलं. मग काय, नारळीकर सांगितले. एवढा केंब्रिजचा शास्त्रज्ञ, पण 1974ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून बायकोच्या हातून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं उलटी केली की सापडतात हेही सांगितलं. गृहस्थ टेबलावर हात आपटून हसले.

संध्याकाळी ट्रायल. गुडघ्याच्या बरोबर मध्यावर. निघताना दोन गोष्टी बजावल्या. बसताना मागून निऱ्या हाताने सारख्या करायच्या, आणि किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्हीतून घातली तर पाय उचलला की कापड फाटणार.

मंगळवारी फोटो आला. ह्युगोचं ते रॉकेटच्या आकाराचं मानचिन्ह काही मिळालं नाही, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेलं. पण केली या स्कॉटिश समूहनाचात हे मधोमध, तोंडभर हसत, स्पोरन (किल्टवर पुढे लटकवायचा बटवा) कमरेवर बाजूला सरकवलेलं, बकलं तिन्ही जागेवर. मी फोटो झूम केला तर पिन दोन्ही पदरांतून घातलेली.