डंकन स्ट्रीटवरील नकाशाघर : एका इमारतीचा इतिहास शोधताना

माझ्याकडे मुंबई इलाख्याच्या नकाशाचे एक सुटे पान आहे. ते १९०९ साली निघालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’च्या सव्विसाव्या खंडातले, म्हणजे नकाशांच्या खंडातले आहे. नोकरीनिमित्त एडिंबरात राहायला आल्यावर एका संध्याकाळी मी ते भिंगाखाली धरले, तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत ‘एडिंबरा जिऑग्राफिकल इन्स्टिट्यूट’ असे छापलेले दिसले. हे जॉन बार्थोलोम्यू या नकाशाकार कंपनीचे नाव होते आणि तिचे जुने मुख्यालय, १२ डंकन स्ट्रीट, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. आपला सह्याद्री आणि आपले कोकण ज्या वास्तूत रेखले गेले, तिच्या दारात मी रोज जाऊ शकतो, या कल्पनेने मी अक्षरशः भारावून गेलो आणि त्या इमारतीचा इतिहास नीट लावायचा निश्चय केला.

पहिले काम म्हणजे इमारत शांतपणे पाहणे. न्यूइंग्टन भागातल्या त्या साध्या निवासी रस्त्यावर एकदम उंच खांबांची अभिजात धाटणीची दर्शनी बाजू समोर येते आणि ती आजूबाजूच्या घरांशीच नव्हे, तर स्वतःच्या मागच्या बांधकामाशीही फारशी जुळत नाही. आता तेथे सदनिका आहेत, लोक राहतात, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्न नव्हता. मात्र ही विसंगती मी वहीत लिहून ठेवली आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी ठरली.

त्यानंतर कागदपत्रे. स्कॉटलंडमधल्या इमारतीचा माग काढायचा असेल, तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने संकेतस्थळावर ठेवलेल्या जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्यांपासून सुरुवात करावी, असे मी अनुभवाने सांगेन. दरवर्षी निघणाऱ्या या खंडांत व्यावसायिकांची नावे पत्त्यांसह दिलेली असतात, त्यामुळे एकच नाव वर्षावर्षाने पुढे वाचत गेले की स्थलांतरे आपोआप उलगडतात. जोडीला त्याच ग्रंथालयाचे ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे, जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. मालक आणि भोगवटादार कोण, हे मूल्यांकनाच्या नोंदवह्यांतून कळते. त्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात, पण प्रतिमा उघडायला पैसे पडतात, म्हणून वर्ष आधी नक्की करून मगच तिकडे वळावे.

याच टप्प्यावर माझी लाडकी कल्पना कोसळली. कंपनीची परंपरा १८२६ पासूनची असली, तरी डंकन स्ट्रीटची इमारत वापरात आली ती १९११ साली. त्याआधीची सुमारे वीस वर्षे तिचा कारभार थॉमस नेल्सन या प्रकाशनसंस्थेच्या पार्कसाइड येथील छापखान्याजवळ चालत असे. म्हणजे माझे १९०९ चे पान या वास्तूत तयार झालेलेच नव्हते. दोन दिवस मला खरोखर वाईट वाटले. या नकाशाखंडाची सुधारित आवृत्ती १९३१ साली निघाली, ती मात्र कंपनी डंकन स्ट्रीटवर असतानाची. नकाशावर संस्थेचे नाव दिसले म्हणून तिची आपल्याला ठाऊक असलेली वास्तू त्याला चिकटवू नये, हे मी तेव्हापासून कटाक्षाने पाळतो.

ग्रंथालयाचे वाचक-ओळखपत्र काढून मी बार्थोलोम्यू संग्रहाकडे वळलो. ओळख आणि पत्ता यांचे पुरावे दाखवले की ते मिळते. दुर्मीळ साहित्य हाताळताना शाई चालत नाही, पेन्सिलच लागते. या संग्रहातला ‘प्रिंटिंग रेकॉर्ड’ हा खरा खजिना होय, कारण कंपनीने छापलेल्या कामांचे नमुने क्रमाने चिकटवून त्याचे मोठमोठे खंड बांधले गेले. ते चाळताना नकाशांबरोबरच किरकोळ छपाईची कामेही समोर येतात आणि कारखान्याची दिनचर्या डोळ्यांपुढे उभी राहते. उंचीनुसार रंग बदलत नेण्याची, सखल प्रदेश हिरवा आणि चढत्या उंचीला तपकिरी छटा देण्याची पद्धत याच घराण्याने लोकप्रिय केली. कोकणपट्टीवरून नजर वर नेली की घाटमाथा स्वतःहून उठून दिसावा, ही किमया त्या रंगांची. आरेखनापासून छपाईपर्यंतची कामे डंकन स्ट्रीटला एकाच छताखाली होत. १९२२ चा ‘टाइम्स सर्व्हे ॲटलस’ आणि १९५५ ते १९५९ या काळात पाच खंडांत निघालेला ‘टाइम्स ॲटलस’ ही तिथलीच कामे. पुढे कंपनीची मालकी बदलत गेली आणि १९९५ मध्ये हे घर रिकामे झाले.

राहिला प्रश्न त्या विजोड खांबांचा. त्याचे उत्तर वास्तुरचनेच्या नोंदींत मिळाले. रॉयल स्कॉटिश जिऑग्राफिकल सोसायटीच्या १८८४ मधील स्थापनेत पुढाकार घेणारे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन जॉर्ज बार्थोलोम्यू काही काळ एडिंबराच्याच मॉर्निंगसाइड भागातल्या ‘फाल्कन हॉल’ या वाड्यात राहत. तो वाडा १९०९ साली पाडला गेला, तेव्हा त्यांनी त्याची दर्शनी बाजू वाचवली आणि नव्या इमारतीला बसवली. म्हणजे चेहरा आधीच्या शतकाचा आणि धड विसाव्या शतकाचे. ज्यांच्या नावावरून वाड्याला ते नाव पडले, ते अलेक्झांडर फाल्कनर ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासमधील सेवेतून परतलेले गृहस्थ होते. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. मी हिंदुस्थानशी नाते शोधत होतो ते नकाशात, आणि ते निघाले दगडी खांबांत.

वाड्याच्या फाटकाचे ससाणे बसवलेले खांब आज एडिंबरा प्राणिसंग्रहालयाच्या प्रवेशद्वारापाशी आहेत. पुढच्या रविवारी मी बसने तेथे गेलो, दोन्ही ससाण्यांची छायाचित्रे घेतली आणि परत येताना डंकन स्ट्रीटवर उतरून दर्शनी खांब पुन्हा एकदा, या वेळी मॉर्निंगसाइडच्या वाड्याचे म्हणून, पाहिले.