तुम्ही विचारलंत म्हणून: तो बदलेल का?

"त्याच्या इतक्या गोष्टी तुम्हाला खटकतात, तरी मत त्यालाच दिलंत. निवडून आल्यावर सुधारेल असं वाटतं का?" जानेवारी 2026 च्या नवी मुंबई महापालिका निवडणुकीपासून आमच्या प्रभागातल्या एका उमेदवाराबद्दल हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, पामबीचला फिरताना, कुठेही विचारतात. तर, नाही. तो सुधारेल असं मला अजिबात वाटत नाही. त्या भरवशावर मत द्यायची वेळ आली असती तर मी दिलंच नसतं.

प्रचारात तो आमच्या नेरूळच्या सोसायटीत आला होता. उशिराच. आल्या आल्या सेक्रेटरींना विचारलं, "फ्लॅट किती?" मग खुर्चीत बसला. चौथ्या मजल्याच्या वर पाणी चढत नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि आठवड्याच्या आत रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बदलला गेला. (स्वतःचं मोरबे धरण असलेल्या शहरात व्हॉल्व्हसाठी उमेदवार लागतो, हा विषय वेगळा.) मग मी फ्लेमिंगोंच्या तलावाचं काढलं: खाडीचं पाणी आत यायचं थांबलं की शेवाळ माजतं, पक्षी फिरकत नाहीत, तुम्ही काय करणार? त्याने चहाचा कप उचलला. "ते वरचं आहे, ताई."

म्हणजे माणूस कसा आहे ते समोर दिसत होतं. नळाच्या कामाचा, तलावाच्या कामाचा नाही. 2015 नंतर इथे निवडणूकच झाली नव्हती. 2020 मध्ये मुदत संपली आणि पुढची पाच-साडेपाच वर्षं प्रशासक. त्या काळात व्हॉल्व्हची तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचं हे आम्हाला कळत नव्हतं, म्हणून या खेपेला माझ्या लेखी व्हॉल्व्हचं वजन जास्त ठरलं. दुसरा उमेदवार तलावापासून मेट्रोपर्यंत सगळ्याला "करू" म्हणत होता. त्याला कोणत्या कामासाठी धरायचं हेच समजेना.

आमच्याकडे एक मत असं आहे की माणूस मुळात चांगला, आजूबाजूची माणसं वाईट. आपल्यासारखे चार शिकलेले लोक जवळ राहिले की वळणावर येईल. या आशेने गेलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. आधी ते त्याला पाणथळींवर टिपणं काढून देत. आता तो काही वेडंवाकडं बोलला की "त्याचा अर्थ तसा नव्हता" हे आम्हाला समजावण्यात त्यांची संध्याकाळ जाते. वाढदिवसाच्या बॅनरवर खालच्या रांगेत त्यांचा फोटोही असतो. वळण कोणाला लागलं ते तुम्हीच बघा.

पक्ष बघून मत द्या म्हणाल, तर 2019 मध्ये इथले मोठे नेते गणेश नाईक राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, त्यांच्यामागून बहुसंख्य नगरसेवकही. 2015 मध्ये घड्याळाचं बटण दाबलेल्यांना कोणी विचारायला आलं नव्हतं.

मग राजकारणी कधी हलतच नाहीत का? हलतात, पण जवळ बसून समजावल्याने नाही. जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे उरणजवळच्या जासई परिसरात भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. दिबा शेतकरी कामगार पक्षाचे, विरोधी बाकावरचे. सरकारचं मन वळवत बसले नाहीत. नाही म्हणणं सरकारला महाग पडेल एवढं केलं. आमच्या तलावापुढे ती गोष्ट फार मोठी आहे, मला माहीत आहे. पण तलावासाठी मी त्याच्या ऑफिसात जात नाही. तलावापाशी उभ्या राहणाऱ्या लोकांबरोबर जाऊन उभी राहते, आणि तो मला तिथे बघतो.

राहिली चार बटणांची गोष्ट. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं. त्याचे कार्यकर्ते गेटवर सांगत होते, "काकू, पॅनल टू पॅनल," म्हणजे चारही मतं त्यांच्याच पॅनलला. मी एक त्याला दिलं. उरलेल्या तीन मतांपैकी दोन दुसऱ्या चिन्हांवर गेली आणि एका जागेवर नोटा दाबलं, कारण तिथला त्याचा जोडीदार मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नव्हता आणि बाकीचे उमेदवार तर आमच्या गेटपर्यंतही आले नव्हते.