प्रीमिअरमधला ऑडिओ प्रो टूल्समध्ये नेऊन परत आणायचा, माझा अनुभव

एका डॉक्युमेंटरीचं एडिट प्रीमिअर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेलं आणि मिक्सिंग मला प्रो टूल्स या ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं होतं. यात एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, प्रोजेक्ट जसाच्या तसा कधीच जात नाही. एएएफ (एका सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन दुसऱ्यात नेण्याची फाइल) मधून कुठली क्लिप कुठे बसलीये, कुठे कापलीये, साधे फेड आणि व्हॉल्यूम एवढं बऱ्यापैकी जातं, पण एडिटरने आवाजावर लावलेले ईक्यू, रिव्हर्ब वगैरे इफेक्ट तिकडे उघडतील अशी आशा धरू नका. म्हणून मी एडिटरला सांगितलं की पिक्चर लॉक झाल्याशिवाय, म्हणजे चित्राचं एडिट पक्कं झाल्याशिवाय काही पाठवू नकोस, आणि पाठवताना सिक्वेन्सची (एडिटच्या टाइमलाइनची) कॉपी करून त्यातले हे इफेक्ट काढ, नेस्ट केलेल्या, म्हणजे एकात एक गुंडाळलेल्या क्लिप मोकळ्या कर, संवाद वरच्या ट्रॅकवर, मग साउंड इफेक्ट, खाली म्युझिक असं लावून दे. त्याला हे कंटाळवाणं वाटलं असेल, पण माझं किती तरी काम तिथेच वाचलं.

ओएमएफ मी मागितलंच नाही, त्याच कामाचा तो जुना फॉरमॅट आहे आणि फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे, मोठ्या प्रोजेक्टला ती पुरत नाही. मागितलं ते एएएफ, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूंनी काही सेकंदांचे हँडल. हँडल म्हणजे कटच्या आधीचा आणि नंतरचा जास्तीचा आवाज. एका मुलाखतीत बोलणाऱ्याचं शेवटचं अक्षर कटमध्ये अर्धवट गेलं होतं, क्लिपची कड जरा ओढली तर अख्खं अक्षर निघालं आणि त्यामागे खोलीची शांतताही मिळाली, तीच पुढच्या क्लिपखाली क्रॉसफेड करून, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवत, घातली. हँडल नसते तर ते वाक्य तसंच तुटकं राहिलं असतं.

सोबत रेफरन्स व्हिडिओ हवाच, टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) वर छापलेला आणि एडिटरचा कच्चा मिक्स आत असलेला. पिक्चर 01:00:00:00 ला सुरू होतं आणि बरोबर दोन सेकंद आधी, 00:59:58:00 ला, एका फ्रेमचा बीप असतो, त्याला टू-पॉप म्हणतात. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर तो 40 मिलिसेकंदांचा. एएएफमधला बीप आणि व्हिडिओतला बीप मी पूर्ण झूम करून एकाखाली एक ठेवले, मग शेवटच्या सीनला जाऊन ओठ पाहिले. हे शेवटचं पाहणं टाळू नका, कारण फ्रेम रेट चुकला तर सुरुवातीला सगळं बरोबर दिसतं आणि आवाज हळूहळू सरकत जातो. 24 आणि 23.976 हे फ्रेम रेट वाचताना जवळजवळ सारखे, पण तासाभरात फरक पडतो 3.6 सेकंदांचा!

मिक्सिंगबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे.

परत पाठवताना फक्त फायनल मिक्स न देता संवाद, म्युझिक आणि साउंड इफेक्ट असे वेगवेगळे स्टेम, म्हणजे मिक्सचे सुटे भाग दिले, सगळ्या वेव्ह फाइल टू-पॉपसकट एकाच टाइमकोडपासून सुरू होणाऱ्या आणि सारख्याच लांबीच्या, म्हणजे एडिटरला काही शोधत बसायला नको, टाइमलाइनच्या सुरुवातीला ठेवल्या की बसल्या. त्याने बीप जुळवून पाहिला, आपले जुने ट्रॅक म्यूट केले आणि एक्सपोर्ट लावला. नंतर एका ठिकाणचं म्युझिक बदलायचं ठरलं तेव्हा मी फक्त म्युझिकचा स्टेम नव्याने काढून दिला, संवादाला हात लावावा लागला नाही.