तुम्ही विचारलंत म्हणून: मग त्याचं घर जळू द्यायचं का?

स्वतःला लिबर्टेरियन (सरकारी सक्ती कमीत कमी हवी असं मानणारा) म्हणवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाशी बोलणं सुरू झालं की तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. "तुमच्या मते ज्याचं त्याने बघायचं. मग ज्याने नाही बघितलं, त्याचं घर जळू द्यायचं?" एका ओळीत उत्तर देऊन मी तो पुष्कळदा टोलवला आहे. ती ओळ खोटी नव्हती, पण अपुरी होती, म्हणून आज जरा सविस्तर.

तुम्ही ज्या घराबद्दल विचारता ते खरोखर जळलं आहे. २९ सप्टेंबर २०१०, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली ओबायन काउंटी. साउथ फुल्टन गावचा बंब हद्दीबाहेर जायचा तो वर्षाला ७५ डॉलर भरणाऱ्यांकडेच. हद्दीबाहेरच्या एका कुटुंबाने त्या वर्षी पैसे भरले नव्हते. विसरलो, असं घरमालकाचं म्हणणं. आग लागल्यावर फोनवरून त्याने काय लागेल ते द्यायची तयारी दाखवली. बंब आला नाही. पुढे आग शेजाऱ्याच्या शेतात शिरली. शेजाऱ्याने पैसे भरलेले होते, त्यामुळे आता बंब आला, त्याने शेताकडची आग आवरली, आणि जवान घर जळताना बघत उभे राहिले. आत तीन कुत्री आणि एक मांजर होती. ती मेली.

माझी ती एक ओळ अशी: "अहो, तो बंब नगरपालिकेचा होता, खासगी कंपनीचा नव्हे." खरं आहे, पण पळवाट आहे. खासगी कंपनीनेही हाच नियम केला असता, तर तिला तसा हक्क आहे असंच मी म्हटलं असतं.

दुसरा बचाव अधिक पक्का आहे, तो आकड्यांत सांगतो. आकडे समजुतीपुरते. हद्दीबाहेर १,००० घरं, वर्षाला पाच आगी. सगळ्यांनी भरले तर ७५,००० डॉलर जमतात. आग लागल्यावर ७५ भरले तरी चालतील असं ठरलं, की शहाणा माणूस आधी भरणारच नाही. मग जमतील पाच घरांचे ३७५. त्यात बंबाचा एक टायरही येणार नाही. कारण इथे खर्च आग विझवण्याचा फारसा नसतोच, खर्च असतो तयारीत राहण्याचा: गाडी, पंप, होस, सराव, रात्री दोनला उठून धावणारी माणसं. म्हणून आयत्या वेळी बोलावणाऱ्याचा दर ७५,००० भागिले पाच, म्हणजे १५,००० डॉलर हवा. खरं तर थोडा जास्तच, कारण गाडी आग लागण्याआधी विकत घ्यावी लागते.

हा दर साउथ फुल्टनमध्ये कुठेही लिहिलेला नव्हता. होता तो फक्त होकार किंवा नकार. माझा राग यावर आहे. जबाबदारी म्हणजे आपल्या चुकीची किंमत मोजणं. पण ती किंमत आधी सांगितलेली हवी आणि चूक जेवढी तेवढीच हवी. ७५ डॉलर विसरल्याबद्दल १५,००० डॉलर ही किंमत झाली. अख्खं घर म्हणजे नुसती अद्दल.

यावर वकील विचारतील, छप्पर पेटलेलं असताना दिलेल्या संमतीला काय अर्थ? माणूस शेतही लिहून देईल. हा प्रश्न समुद्रावर केव्हाच सुटला आहे. बुडत्या जहाजाच्या मदतीला जाणाऱ्यांसाठी लॉइड्सचा (लंडनची विमा बाजारपेठ) छापील करार १९०८ पासून आहे. त्यात रकमेवर घासाघीस होत नाही. काम फत्ते झालं नाही तर पैसे नाहीत; झालं तर मोबदला मागाहून लवाद ठरवतो. १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो वाचवलेल्या जहाजाच्या आणि मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. घरालाही हे लागू करता येईल. वसुली विम्यातून, नाहीतर जमिनीवर बोजा चढवून.

इथवर मी खूश असतो. पण त्याच १९८९च्या कराराची बाकीची कलमं वाचली की घास अडतो. ज्याचा जीव वाचवला त्याच्याकडून मोबदला घेता येत नाही. आणि समुद्रात जिवावर बेतलेल्या माणसाला मदत करणं, स्वतःच्या जहाजाला आणि त्यावरच्या माणसांना गंभीर धोका नसेल तर, प्रत्येक कप्तानावर बंधनकारक आहे. ही सक्ती आहे. माझ्या विचारात हक्क म्हणजे कुंपण: मला कोणी काय करू नये ते सांगणारं. मी कोणासाठी काय करायलाच हवं, ते त्यात येत नाही. कप्तानाने हा नियम माहीत असूनच धंदा पत्करला, असं मी म्हणत आलो. रस्त्याने जाणाऱ्याने काय पत्करलेलं असतं?

मुक्त बाजारपेठेचा पुरस्कर्ता अर्थतज्ज्ञ हायेक १९६०च्या आपल्या ग्रंथात म्हणाला, स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांची फारकत करता येत नाही. हे आमच्या मंडळींना तोंडपाठ. ज्याला स्वतःचं भागवता येत नाही त्याला सरकारने किमान आधार द्यावा, हेही त्याने त्याच ग्रंथात मान्य केलं आहे. ते पान सहसा कोणी उघडत नाही. मीही उघडत नव्हतो.

म्हणजे मी बाजू बदलली का? नाही. ७५ डॉलर भरणाऱ्याने न भरणाऱ्याचा भार कायम उचलायचा, हा अन्याय आहे असंच मला आजही वाटतं. आणि "मग जळू द्यायचं का" असं विचारणाऱ्यांनी बंबाच्या पैशांचा हिशेब एकदाही मांडलेला नसतो, हेही सांगतो. घर विझवायचं, दर आधी लिहून ठेवायचा, बिल पाठवायचं. इतपत माझं ठरलं आहे.

माझा हिशेब सहीवर चालतो, आणि सही करायला सज्ञान माणूस लागतो. विसरला घरमालक. कुत्र्यांना मी मालमत्तेच्या रकान्यात टाकतो, समुद्री करारही बहुधा तेच करील. पण त्या खोलीत कुत्र्यांच्या जागी चार वर्षांचं मूल ठेवून बघा. फी त्याने भरायची नव्हती, विसरलंही ते नव्हतं. त्याचा रकाना मला अजून सापडलेला नाही.