कक्ष क्रमांक कुठून आणायचा? सातमाळेच्या तयारीचा माझा अनुभव

डोंगरावर मुक्कामाची परवानगी वनखात्याच्या ज्या कार्यालयातून काढली, त्याचं नाव लिहीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहायची वेळ आली तर पंचाईत नको.

बेत असा होता: अचला किल्ल्यापासून निघायचं, अहिवंत करायचा, सप्तशृंगीच्या डोंगराला वळसा घालून मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजदेर, इंद्राई असं करत चांदवडला उतरायचं. नाशिक जिल्ह्यातली सातमाळा रांग, सलग. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर जेमतेम 40-45 किलोमीटर भरतं. पायाखाली ते दुपटीच्या वर जातं, कारण प्रत्येक बारीत, म्हणजे खिंडीत, उतरायचं आणि पुन्हा तेवढंच चढायचं. लोक ही रांग तुकड्यातुकड्यांनी करतात, तीही पावसाळ्यानंतर. आम्ही चौघांनी फाल्गुन निवडला. दोघांना रजा तेव्हाच मिळत होती, हे एक. आणि मला पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असताना ती रांग एकदा बघायची होती. पावसाळी हिरवाईचे फोटो सगळ्यांकडे असतात.

तयारीतला व्यायामाचा भाग पटकन सांगून टाकतो, कारण त्यात काही अडलं नाही. माझी सातपूरला सेकंड शिफ्ट, म्हणजे सकाळ मोकळी. पांडवलेणीच्या पायऱ्या, चामरलेणी, रविवारी रामशेज नाहीतर अंजनेरी. सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि वर पोहोचल्यावर ते पाणी झाडांना ओतून रिकाम्या सॅकने उतरायचं. गुडघे वाचतात. पहिल्यांदा सहा किलो, शेवटी बारा. झालं.

आता कागदाकडे येतो.

ही रांग बऱ्याच ठिकाणी राखीव वनात येते. 1927च्या भारतीय वन अधिनियमातलं कलम 26 राखीव वनात विनापरवाना शिरायला आणि विस्तव पेटवायला बंदी घालतं. त्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. नेमक्या त्याच दिवसांत आम्हाला डोंगरावर मुक्काम करायचे होते. ‘कशाला जाताय विचारायला, कोण बघतंय’ असं सांगणारे ट्रेकर मित्र मलाही भेटले. मी त्यांचं ऐकलं नाही. वाळलेल्या गवतात रात्री चार बॅटऱ्या फिरताना खालच्या गावाला दिसल्या तर लोक काठ्या घेऊन वर येतात, आणि ते बरोबरच आहे. कागद खिशात असलेला बरा.

म्हणून अर्ज लिहिला. नावं, पत्ते, आधारच्या झेरॉक्स, मार्ग, मुक्कामाच्या जागा. जानेवारी संपत आला होता, म्हणजे भरपूर वेळ आहे असं वाटण्याचे दिवस.

पहिल्या टेबलावर अर्ज वाचला गेला तो उभ्याउभ्याच. “हे तर पलीकडचं आहे,” असं म्हणून परत. मी म्हटलं, पलीकडचं म्हणजे? तर डोंगराचा उत्तर उतार कळवण-देवळ्याकडे, दक्षिण उतार दिंडोरी-चांदवडकडे, आणि तुम्ही चालणार कण्यावरून. मग तुम्ही नक्की कुणाच्या हद्दीत? पलीकडच्या कार्यालयात गेलो तर तिथे उत्तर मिळालं की चढणार जिथून, परवानगी तिथली. सातमाळेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेला मिळतो, दक्षिणेला पडलेला कादवेतून गोदावरीला जातो. आमचा अर्ज मात्र माथ्यावरच थबकला होता.

शेवटी पहिल्या कार्यालयाने तो ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे एका फाईलखाली सरकवला. इथे मी हट्टाने दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. “एवढ्याशा अर्जाला पोच कशाला भाऊ?” मी हललो नाही. शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडलो. पुढे जे काही झालं ते त्या आवक क्रमांकामुळेच झालं, आणि या एका गोष्टीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायला तयार आहे.

पुढच्या खेपेला प्रश्न आला, “संस्था कोणती?” संस्था नाही, आम्ही चार मित्र. “मग लेटरहेड कुणाचं?” लेटरहेड नाही. “रजिस्टर्ड संस्थेचं पत्र असलं की साहेबांना सही करायला बरं पडतं.” आमच्यातला एक जण सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्याने गंमतीत विचारलं, आमच्या गृहनिर्माण संस्थेचं चालेल का? टेबलावरच्या बाई हसल्या नाहीत, विचारात पडल्या. एक क्षण मला खरंच वाटलं की चालेल. मग हमीपत्र मागितलं: आग लावणार नाही, शिकार करणार नाही, प्लास्टिक टाकणार नाही, अपघात झाल्यास जबाबदारी आमची. ते बाँडवर की साध्या कागदावर यावर दोन टेबलांचं एकमत होईना. आम्ही साध्या कागदावर चौघांच्या सह्या करून दिलं. ते घेतलं गेलं. कुणी परत केलं नाही की पुढे विषय काढायचा नाही, हा नियम मी कारखान्यातल्या स्टोअरमध्ये शिकलोय.

आणि मग ती ओळ आली. अर्जाच्या समासात लाल पेनाने शेरा: ‘मुक्कामाचे ठिकाणांचे कक्ष क्रमांक नमूद करावेत.’

वनखात्याच्या हिशोबात जंगल कक्षांमध्ये वाटलेलं असतं. प्रत्येक कक्षाला नंबर, काही कक्ष मिळून एक बीट, ते वनरक्षकाकडे. काही बीट मिळून परिमंडळ, ते वनपालाकडे. हे मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं. मी सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेतले होते. त्यावर बाऱ्या, ओढे, सोंडा, वाटा सगळं आहे, कक्षांचे नंबर नाहीत. (जाता जाता: रवळ्या-जवळ्या आणि धोडप यांच्यामधून 74 अंश रेखांश जातो आणि तिथेच नकाशाची एक शीट संपून दुसरी लागते. दोन्ही छापून आधीच चिकटवा. डोंगरावर वारा असतो.)

“कक्ष क्रमांक कुठे मिळतील?” मी विचारलं.
“ते अर्जदाराने द्यायचे.”
“पण यादी तुमच्याकडे असेल ना?”
“यादी आहे. पण देता येत नाही.”
“मग मी कुठून देऊ?”
“ते बघा तुम्ही.”

हा संवाद मी थोड्याफार फरकाने वेगवेगळ्या खुर्च्यांसमोर केला आहे. साहेब कधी फिल्डवर, कधी मीटिंगला, कधी व्हिडिओ कॉन्फरन्सवर. नंतर मार्च उजाडला आणि ‘मार्च एंड’ हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर झालं. होळी आली, धुळवड गेली. “आता रंगपंचमीनंतरच या,” असं सांगितलं गेलं, आणि नाशकात रंगपंचमी म्हणजे काय हे मी नाशिककरांना सांगायला नको. सगळं शहर रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उतरलेलं असताना मी मोबाईलवर आवक क्रमांकाचा फोटो बघत बसलो होतो. रजा मंजूर, दशम्यांचं पीठ दळून तयार, आणि निघायचं की नाही याचा पत्ता नाही. घरी चिडचिड सुरू झाली. बायको म्हणाली, “पांडवलेणीवरच राहा आठवडाभर, डबा पाठवते.”

सुटका झाली ती पाण्यामुळे. कोणत्या टाक्यात पाणी उरलंय हे बघायला आम्ही बाईकवरून पायथ्याच्या गावांतून हिंडत होतो. गावात माणूस भेटणं मुश्किल, कारण उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती आणि जो तो शेतात. (वाटाड्या हवा असेल तर हे ध्यानात ठेवा. फाल्गुन-चैत्रात रोजाचे चांगले पैसे देऊनही कांदा टाकून तुमच्याबरोबर कुणी येणार नाही.) एका बारीच्या वर जाळरेषेचं काम चाललेलं दिसलं. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून, जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. तिथे एक वनरक्षक मजुरांबरोबर उभा होता, चेहरा काजळीने माखलेला. मी पाण्याचं विचारलं. त्याने उलट विचारलं, “किती जण? रात्री राहणार? मग माणशी किती लिटर धरलंय?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. अर्जात आईच्या नावासाठीही रकाना होता, पाण्यासाठी नव्हता.

मी म्हटलं, चालताना चार लिटर. तो म्हणाला, पाच धरा, आणि त्या अमुक टाक्याच्या भरवशावर राहू नका, तिथे आता वानरं पितात. कुठलं टाकं चांगलं, कुठल्यात पाणी खाली गेलंय, कुठल्या वस्तीवर हंडाभर मागता येईल, हे सगळं त्याने उभ्याने सांगितलं. मग मी भीत भीत कक्ष क्रमांकाचं काढलं. त्याने खिशातलं लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं, मागच्या बाजूला आमचे मुक्काम एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापुढे नंबर टाकला. दोन ठिकाणी खोडून जागा बदलली: “इथं आग्या मोहोळ आहे कड्याला, इथं नका झोपू.” पाच मिनिटं लागली असतील.

ते पाकीट घेऊन दुसऱ्या दिवशी मी त्याच टेबलावर. नंबर अर्जात भरले, आवक क्रमांक दाखवला, आणि पत्र त्याच संध्याकाळी मिळालं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रागच आला, कारण याचा अर्थ काम एका संध्याकाळचंच होतं.

पत्रातल्या अटींत एक होती: कोणत्याही प्रकारचा विस्तव करणार नाही. गॅसचा स्टोव्ह त्यात येतो का, हे विचारायला मी परत गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका. येतो असंच धरा. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवणं, नवं गवत चांगलं फुटावं म्हणून डोंगर पेटवणं, यातूनच आधी पुष्कळ वणवे लागतात. त्यात आपली भर नको. आम्ही सगळा मेनू बदलला. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, नंतर भडंग, खाकरे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. पातळ पोहे, सुकं खोबरं आणि मीठ-मसाल्याची पुडी घेतली की दडपे पोहे कुठेही होतात, कांदा तर खालच्या प्रत्येक शेतात आहे. चहा मात्र वस्तीवर पोहोचल्यावरच. हे सगळ्यात जड गेलं. आमच्यातल्या एकाने लायटर लपवून आणलं होतं, ते मी अचल्याच्या पायथ्यालाच काढून घेतलं.

आता आठवतील तसं सांगतो. मार्चमध्ये टाक्यातलं पाणी हाताला लागत नाही, म्हणून दहा मीटर बारीक दोरी आणि तोंड कापलेली बाटली न्या. पाणी पंच्यातून गाळायचं, मेडिक्लोरचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. उकळण्याचा पर्याय आपण सहीनिशी सोडलेला असतो. पाण्याचे कॅन आधीच दोन-तीन घरी ठेवून या, आम्ही धोडपखालच्या हट्टी गावात आणि राजदेरवाडीला ठेवले होते. पहाटे पाचला चालायला लागायचं, अकराला सावली शोधायची, साडेतीननंतर पुन्हा. दुपारी अंग भाजतं आणि पहाटे माथ्यावर वाऱ्याने दात वाजतात, तेव्हा पातळ स्लीपिंग बॅग लागतेच. डिओ, अत्तर, सुगंधी सनस्क्रीन घरी ठेवा. कड्यांवर मोहोळं असतात आणि कपारीत आरोळ्या मारून आपण कुणाचं भलं करत नाही. फुरशांमुळे दगडावर हात ठेवण्याआधी काठीने टोकरायचं.

बुटांचं सांगायचं राहिलं. वाळलेल्या गवताखाली मुरमाचा घसारा असतो, कांचनबारीत उतरताना त्याचा पुरता हिशोब होतो. 1670च्या ऑक्टोबरात महाराजांनी दाऊदखानाशी लढाई दिली ती याच भागात. तेव्हा नुकताच पावसाळा संपला होता, म्हणजे निदान जमीन धरून असेल. फाल्गुनात ती पायाखालून निघून जाते. नवे बूट घेऊ नका, जुन्याच बुटांचा तळ बदलून घ्या. आणि पायाची नखं निघायच्या आठवडाभर आधी कापा, आदल्या दिवशी नव्हे.

हे वाचून अर्ज करणार असाल तर क्रम उलटा ठेवा. आधी बीटवर जा, वनरक्षकाला भेटा, पाणी विचारा, कक्ष क्रमांक लिहून घ्या. मग कार्यालय. दोन प्रती, संक्रांतीच्या आत, पोच घेऊनच. लेटरहेडचं विचारलं तर ‘आणतो’ म्हणा आणि आणू नका.

आमच्यातल्या एकाला आता मुल्हेर-साल्हेर, म्हणजे सेलबारी-डोलबारी रांग करायची आहे, तीही फाल्गुनातच. मी त्याला म्हटलंय, अर्ज तू लिही. तिथे डोंगराच्या पलीकडे गुजरात लागतं.